रिकाम्या आकाशाचं विमान

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटा गावच्या वृत्तपत्राचे मालक डेव्हिड लिंडसे यांना विमानांचा नाद होता. महायुद्धात बर्लिनपर्यंत बॉम्बफेकी विमानांची पाठराखण करणारी मस्टँग विमानं १९५०च्या दशकात मोडीत निघू लागली होती. लिंडसेंनी १९५७मध्ये कंपनी काढली आणि ती घ्यायला सुरुवात केली. बंदुका काढून पंखांत सामानाचे कप्पे केले, मागे दुसरी खुर्ची बसवली आणि हौशी श्रीमंतांना ती विकली. दहा वर्षांत गिऱ्हाईक बदललं. १९६७मध्ये खुद्द अमेरिकी हवाई दलाने त्यांच्याकडे मागणी नोंदवली. बंदुका परत बसवा, बॉम्ब टांगायची सोय करा, आम्हाला ही विमानं छोट्या मित्रदेशांना द्यायची आहेत, असं ते काम होतं.

लिंडसे तेवढ्यावर थांबणारे नव्हते. मस्टँगचं पिस्टन इंजिन काढून त्यांनी रोल्स-रॉइसचं डार्ट हे टर्बोप्रॉप, म्हणजे जेटच्या तत्त्वावर पंखा फिरवणारं, इंजिन बसवून पाहिलं. (आपल्या हवाई दलाच्या ॲव्रोला आणि नौदलाच्या अलिझेला हेच डार्ट होतं. अलिझेकडे पुढे येतोच.) मग त्याहून दांडगं लायकॉमिंगचं इंजिन आलं, चिनूक हेलिकॉप्टरच्या इंजिनाचं भावंड. विमानाला नाव मिळालं एन्फोर्सर. छोट्या कंपनीला हा पसारा झेपेना, म्हणून काम पायपर कंपनीकडे गेलं. १९७१मध्ये हवाई दलाने चाचण्या घेतल्या आणि मागणी मात्र एकाही विमानाची नोंदवली नाही. लिंडसेंनी वॉशिंग्टनचे उंबरे झिजवले. शेवटी हवाई दलाला नको असलेल्या या विमानासाठी अमेरिकी संसदेने १ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. दोन नवी एन्फोर्सर बांधली गेली, १९८३-८४मध्ये उडवली गेली, आणि हवाई दलाने पुन्हा नाही म्हटलं. दोन्ही आज संग्रहालयांत आहेत. मजा अशी की त्यांत मूळ मस्टँगचा दहावा हिस्सासुद्धा उरलेला नव्हता. आजोबांचं घड्याळ म्हणून जपायचं, पण काटे, तबकडी, चावी सगळं बदललेलं, तसला प्रकार.

जुन्या पंख्याच्या विमानाला नवं इंजिन आणि नवे डोळे देऊन स्वस्तातलं लढाऊ विमान करायचं, ही कल्पना दर पंधरा-वीस वर्षांनी डोकं वर काढते. ती मांडणारे वेडे नसतात. त्यांचा खर्चाचा हिशेब बहुतेक वेळा बरोबरच असतो. माझी तक्रार वेगळी आहे. या हिशेबात आकाश फुकट धरलेलं असतं. वर शत्रूचं विमान नाही आणि खाली कुणाच्या खांद्यावर क्षेपणास्त्र नाही, असं आकाश असेल तरच हे विमान स्वस्त पडतं. आणि असं रिकामं आकाश बहुतेक वेळा आपल्याच देशातल्या एखाद्या कोपऱ्यावर असतं, किंवा आपल्याहून गरीब कुणाच्या तरी गावावर.

आधी या विमानांची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती खरोखर भक्कम आहे. त्यासाठी अमेरिकी नौदलासाठी बनलेल्या स्कायरेडर या विमानाकडे जावं लागतं.

जून १९४४मध्ये डग्लस कंपनीचे अभियंते एड हाइनमन नौदलाच्या बैठकीसाठी वॉशिंग्टनला गेले होते. कंपनीचं जे विमान चर्चेत होतं ते नौदलाच्या मनात भरत नव्हतं, आणि खरं म्हणजे हाइनमन यांच्याही. ते रद्द करा, नवा आराखडा द्यायला महिनाभर द्या, असं त्यांनी सांगितलं. नौदलाने वेळ दिला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. हॉटेलच्या खोलीत तिघांनी रात्र जागून कागद काळे केले आणि त्यातून एक इंजिन, एक वैमानिक आणि पंखाखाली भरपूर जागा असलेलं विमान उभं राहिलं. १८ मार्च १९४५ला ते पहिल्यांदा उडालं. ते युद्धावर पोचायच्या आत महायुद्ध संपलं. जेटचं युग सुरू झालं, आणि हे अवजड, तेलकट, पंख्याचं विमान जन्मतःच म्हातारं ठरलं. तरी १९५७पर्यंत ३,१८० विमानं बांधली गेली.

व्हिएतनामात या म्हाताऱ्याने जेटवाल्यांना खाली पाहायला लावलं. साडेतीन टनांच्या आसपास दारूगोळा घेऊन ते तासन् तास एकाच जागी घिरट्या घालू शकायचं. जेट विमान डोंगरावरून जायचं तेव्हा वैमानिकाला खालचं झाड आणि माणूस यांत फरक करायला दोन-तीन सेकंद मिळायचे. स्कायरेडरचा वैमानिक पुन्हा पुन्हा वळून येऊन पाहायचा. शत्रूच्या मुलखात उतरलेल्या वैमानिकाला सोडवायला हेलिकॉप्टर निघालं की त्याच्या दोन्ही बाजूंना स्कायरेडर असायची. त्या कामगिरीचं बोलावण्याचं नाव होतं सँडी. मार्च १९६६मध्ये आ शाऊ खोऱ्यात बर्नार्ड फिशर यांनी तर गोळीबार चालू असताना धावपट्टीवर स्कायरेडर उतरवलं आणि खाली पडलेल्या सहकाऱ्याला आत ओढून पुन्हा उड्डाण केलं. जेट विमानाला ती तुटकी पट्टी पुरलीच नसती. स्कायरेडर काहीही उचलतं, अशी या विमानाची ख्याती होती. ऑक्टोबर १९६५मध्ये मिडवे या विमानवाहू नौकेवरच्या एका स्क्वाड्रनने पंखाखाली चक्क संडासाचं भांडं टांगलं आणि बॉम्बबरोबर तेही टाकून आले.

याच मुद्द्यांना आज पैशाची जोड मिळते. एफ-१५सारखं जेट तासभर उडवायला तीस हजार डॉलरहून जास्त लागतात, तर टर्बोप्रॉपचं काम त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात भागतं. २०१५मध्ये अमेरिकेने ब्रॉन्को या १९६५ सालच्या विमानाची दोन नगं नवे कॅमेरे आणि नवी रेडिओ यंत्रणा बसवून इराकमध्ये आयसिसवर पाठवली. ८२ दिवसांत त्यांनी १२० लढाऊ मोहिमा केल्या आणि ठरलेलं उड्डाण रद्द करायची वेळ क्वचितच आली. टोयोटा पिकअपमध्ये बसलेल्या चार बंदूकधाऱ्यांवर कोट्यवधींचं जेट आणि त्याला हवेत इंधन पाजणारं टँकर विमान पाठवायचं, हा उधळेपणा आहे. मुंगी मारायला तोफ, हे कुणालाही पटेल.

मग बिघडतं कुठे? याचं उत्तर मला अमेरिकेपेक्षा आपल्याकडच्या एका विमानात जास्त स्वच्छ दिसतं.

गोव्यात दाबोळीला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. बोगमाळ्याच्या किनाऱ्याकडे निघालेली गाडी तिथे अर्धा तास थांबते, मुलं सी हॅरियरपाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. तिथेच अलिझे उभं आहे. फ्रेंच बनावटीचं, पाणबुड्या शोधणारं, तिघा माणसांचं टर्बोप्रॉप. पोट जरा सुटलेलं, पंख दुमडता येणारे. त्याच्यापुढे फारसं कुणी थांबत नाही. डिसेंबर १९७१मध्ये या एकाच जातीच्या विमानाने एकाच पंधरवड्यात दोन वेगळी युद्धं पाहिली.

बंगालच्या उपसागरात विक्रांतवरून उडालेल्या अलिझेंनी चितगाव, कॉक्स बाजारच्या परिसरात हल्ले केले, जहाजं शोधली. ढाक्याची धावपट्टी भारतीय हवाई दलाने पहिल्या काही दिवसांतच उखडून टाकल्यामुळे तिथली पाकिस्तानी सेबर विमानं जमिनीवरच अडकली होती. वर आकाश रिकामं होतं, आणि त्या आकाशात संथ, पोटसुटं अलिझे झकास काम करत होतं. पश्चिमेला अरबी समुद्रावर १० डिसेंबरला गस्तीवर निघालेल्या एका अलिझेची गाठ आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या पाकिस्तानी स्टारफायटरशी पडली. त्या अलिझेतले तिघेही परतले नाहीत. दोन्हीकडे विमान तेच होतं, इंजिन तेच, आणि वैमानिकांचं कसबही त्याच शाळेतलं. फरक फक्त वरच्या आकाशाचा होता.

स्कायरेडरचीही पुढची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकी हवाई दलाने आग्नेय आशियात दोनशेवर स्कायरेडर गमावली. बंदुकीच्या गोळ्या त्याच्या अंगात जिरायच्या, पण १९७२च्या वसंतात उत्तर व्हिएतनामी सैनिकांच्या खांद्यावर सोव्हिएत स्ट्रेला क्षेपणास्त्र आलं. इंजिनाची ऊब हुंगत येणारं हे दहा-पंधरा किलोचं नळकांडं चालवायला शेतकऱ्याच्या पोराला थोडं शिक्षण पुरायचं. रोज खाली उतरून झाड-माणूस ओळखणाऱ्या विमानांना एकदम वर जावं लागलं, आणि वर गेल्यावर त्यांचा मुख्य गुणच गेला. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी मरीन दलाची दोन ब्रॉन्को पडली, त्यातल्या एकातले दोघेही इराकच्या कैदेत गेले. नंतर तीनेक वर्षांत मरीन दलाने ब्रॉन्को निवृत्त केलं. २०१५मध्ये ज्याचं एवढं कौतुक झालं ते हेच विमान. आयसिसच्या डोक्यावरचं आकाश आधीच अमेरिकेच्या मुठीत होतं, एवढाच फरक.

यावर या विमानांचे समर्थक म्हणतात, मग उंचावरून उडू. खांद्यावरचं क्षेपणास्त्र पोचत नाही तिथून, म्हणजे पाच-सहा किलोमीटरवरून, कॅमेऱ्याने पाहू आणि लेसरने वाट दाखवलेला बॉम्ब टाकू. ठीक आहे. पण मग ‘डोळ्याने पाहणारा माणूस’ हा मुद्दा संपला. पडद्यावर बघून बॉम्ब टाकायचा तर ते काम ड्रोन करतं, वीस-वीस तास करतं, आणि ते पडलं तर कुणाच्या घरी तार जात नाही. ड्रोनचा संपर्क तोडता येतो, माणसाचा नाही, हा प्रतिवाद मला मान्य आहे. पण संपर्क तोडायची यंत्रणा ज्याच्याकडे असते त्याच्याकडे विमान पाडायचं साधनही बहुधा असतंच.

या जुन्या विमानांच्या पुनर्जन्माची सगळ्यात ताजी आवृत्ती तर विनोदी आहे. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने २०२२मध्ये नव्या हलक्या हल्ला-विमानाची निवड केली आणि २०२५मध्ये त्याचं बारसं केलं: ‘स्कायरेडर दोन’. विमान मात्र शेतावर औषध फवारणारं. टेक्सासातल्या ओल्नी गावची एअर ट्रॅक्टर कंपनी ते बनवते. आपल्याकडे पंप पाठीला लावून कपाशीत फिरतात तेच काम तिकडे ते शेकडो एकरांवर करतं. त्याला चिलखत आणि बॉम्ब लावले. नाव एका पूर्वजाचं, धड ट्रॅक्टरचं. मला त्यात वावगं वाटत नाही. कच्च्या पट्टीवर उतरणारं, शेताच्या बांधावर दुरुस्त होणारं धड लष्कराला उपयोगीच पडेल. पण ७५ विमानं, कमाल तीन अब्ज डॉलर असा तो करार होता, आणि २०२३मध्ये अमेरिकेच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे तिकडच्या कॅगने, साधा प्रश्न विचारला की ७५ हा आकडा आणला कुठून. पुढे तो ६२वर आला. विमान निवडलं तेव्हा अफगाणिस्तानातून अमेरिकी सैन्य बाहेर पडून वर्ष झालं होतं. घोडा आणेपर्यंत वरात निघून गेली होती.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे. ब्राझीलचं सुपर टुकानो हे या वर्गातलं सगळ्यात यशस्वी विमान. जुन्याची डागडुजी करून केलेलं ते नाही, सरावाच्या विमानातून वाढवलेलं आहे, पण डोक्यातली कल्पना तीच. नायजेरियाने अमेरिकेकडून अशी बारा विमानं घेतली, ती २०२१मध्ये पोचली. सौदा जवळजवळ ५० कोटी डॉलरचा. म्हणजे विमानामागे चार कोटी डॉलर. त्यात बॉम्ब आले, रॉकेटं आली, वैमानिकांचं आणि तंत्रज्ञांचं शिक्षण आलं, तळावरची बांधकामं आली. यातलं कुणीही फसवणूक केली नाही. लढणारं विमान म्हणजे हेच सगळं असतं. विमान हा त्यातला एक हिस्सा, आणि आपण चर्चा तेवढ्याच हिश्श्याच्या किमतीची करतो. घर घेताना फक्त विटांचा भाव विचारावा तसं.

आणि यात सगळ्यात महाग असतो माणूस. अफगाण हवाई दलाला २०१६पासून सुपर टुकानो मिळाली. वैमानिक अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात तयार झाले, त्यात वर्षं गेली. २०२१च्या उन्हाळ्यात तालिबानने एक साधी गोष्ट केली. विमानांच्या मागे न लागता त्यांनी तळाबाहेर, घरी आलेल्या वैमानिकांना वेचून मारायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा उरलेल्यांतले बरेच वैमानिक कुटुंबांची चिंता बरोबर घेऊन विमानांसकट सीमेपलीकडे उझबेकिस्तानात उतरले. खांद्यावरचं क्षेपणास्त्रसुद्धा लागलं नाही. ज्याला विमान स्वस्त वाटत होतं त्याने वैमानिकाची किंमत लावलीच नव्हती.

रिकामं आकाश कुणाचं, हा प्रश्न मी वर अर्धवट सोडला होता. या विमानांच्या गिऱ्हाइकांची यादी पाहा: कोलंबिया, फिलिपिन्स, नायजेरिया, अफगाणिस्तान. जवळजवळ सगळ्यांना ती स्वतःच्या देशात, स्वतःच्या नागरिकांमधल्या बंडखोरांवर वापरायची होती. दोन राष्ट्रांनी एकमेकांवर पंख्याची लढाऊ विमानं पाठवण्याचा मोठा प्रसंग शोधायचा तर १९६९पर्यंत मागे जावं लागतं. त्या जुलैमध्ये एल साल्वादोर आणि होंडुरास चार दिवस लढले. साल्वादोरकडे लिंडसेंच्या कारखान्यातली मस्टँग होती. होंडुरासच्या एका कॉर्सेरने एका दिवसात साल्वादोरची तीन विमानं पाडली, आणि पंख्याच्या विमानांची आपसातली ती शेवटची झुंज ठरली. त्यानंतर हे विमान मुख्यतः घरातल्या भांडणाचं हत्यार झालं.

आपल्याला हे नवं नाही. ५ मार्च १९६६ला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐजॉलवर हल्ला केला. मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला होता आणि तिथली आसाम रायफल्सची ठाणी वेढली होती, हे खरं. लष्करी दृष्टीने तो वेढा उठला, हेही खरं. पण शहर जळलं, आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडलं. वीस वर्षं. मिझोरममध्ये आजही ती तारीख विसरलेली नाही. तेव्हा वापरलेली तुफानी आणि हंटर ही जेट विमानं होती, म्हणजे हत्यार महाग होतं. महाग असल्याने ते हरघडी वापरलं गेलं नाही. पुढच्या साठ वर्षांत देशातल्या कुठल्याही बंडावर हवेतून बॉम्ब टाकायचे नाहीत हा संकेत पाळला गेला, त्याला राजकीय शहाणपण कारणीभूत आहे, तशी ही महागाईही थोडी कारणीभूत असावी, असा माझा संशय आहे.

नक्षलवाद्यांवर हवाई दल वापरा, ही मागणी २०१०च्या सुमाराला जोरात होती. त्या वेळी हवाई दलप्रमुख होते आपले नागपूरचे प्रदीप वसंत नाईक. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सैन्याला मर्यादित मारा करायचं शिक्षण नसतं आणि आमची शस्त्रं सीमेपलीकडच्या शत्रूसाठी आहेत. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना फक्त स्वसंरक्षणापुरता गोळीबार करायची मुभा राहिली. गडचिरोलीत जे काही झालं ते जमिनीवरून झालं. पोलिसांच्या सी-६० या कमांडो पथकाच्या पोरांनी जंगल तुडवलं, जीव दिले, रस्ते झाले, मोबाइलचे मनोरे उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. यातल्या प्रत्येक गोष्टीवर वाद घालता येईल. पण भामरागडच्या जंगलावर तासाला चार-पाच हजार डॉलरमध्ये घिरट्या घालणारं विमान त्या काळात हाताशी असतं तर नाईक यांचा नकार टिकला असता का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. हातात हातोडा आला की खिळा दिसायला वेळ लागत नाही, आणि हातोडा स्वस्त असेल तर मुळीच नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण ओझर. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, महामार्गालगत एचएएलचा कारखाना आहे. मिग-२१ तिथे बनली, म्हणून त्या वसाहतीला जुनी माणसं अजून ‘मिग’च म्हणतात. एसटीचा कंडक्टरही म्हणायचा, मिगवाले उतरा. सुखोई तिथेच जुळली. ऑक्टोबर २०२५मध्ये तिथे एचटीटी-४० या टर्बोप्रॉप विमानाच्या बांधणीची नवी मार्गिका सुरू झाली. हे नव्या वैमानिकांना पहिले धडे देणारं विमान आहे. २०२३मध्ये अशा ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा करार झाला. त्याला शस्त्रं लावून हलकं हल्ला-विमान करता येईल, निर्यात करता येईल, ही कल्पना एचएएलने याआधीच मांडलेली आहे.

मला ही कल्पना जशीच्या तशी पटत नाही. पहिलं कारण साधं आहे. २००९मध्ये दीपक ही सरावाची विमानं अपघातांनंतर जमिनीवर आणली गेली, तेव्हापासून आपल्याकडे शिकाऊ वैमानिकांना विमानं अपुरी आहेत. ७५ स्विस पिलाटस घेऊन कसंबसं चालवलं. एचटीटी-४० अमेरिकी इंजिनं वेळेवर न मिळाल्याने रखडलं. पाटी-पेन्सिलच पुरत नसताना पाटीची ढाल करायचा बेत कुणी करू नये. दुसरं कारण आकाशाचं. लडाख असो की राजस्थान, आपल्या सीमेवर रिकामं आकाश कुठेच नाही. देशाच्या आत ते आहे, आणि तिथे हे विमान मला नको आहे.

पण या विमानाला एक काम खरोखर आहे. ते मला युक्रेनने शिकवलं. २०२४मध्ये ओडेसाच्या बाजूला युक्रेनी लोकांनी याक-५२ हे सोव्हिएत काळातलं सरावाचं विमान बाहेर काढलं, मागच्या खुर्चीत बंदूकधारी बसवला आणि रशियाची टेहळणी ड्रोन पाडायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात माणसं एकमेकांवर अशीच पिस्तुलं झाडायची. हसू येतं, पण हिशेब पाहा. रशिया हल्ल्यासाठी वापरतो ते शाहेद जातीचं ड्रोन ताशी १८०-१८५ किलोमीटरने येतं आणि त्याची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलरच्या घरात. त्यावर दहा लाख डॉलरचं क्षेपणास्त्र सोडायचं म्हणजे शत्रूने आपला खिसा कापण्यासारखं आहे. जेटला एवढं सावकाश उडणारं लक्ष्य धड गाठताही येत नाही, ते त्याच्या पुढे निघून जातं. पंख्याचं विमान मात्र त्याच्या चालीने, त्याच्या मागे, निवांत उडू शकतं. अमेरिकी जेटही आता ड्रोनवर महागड्या क्षेपणास्त्रांऐवजी लेसरने वाट दाखवलेली छोटी रॉकेटं वापरतात, तीच रॉकेटं हलक्या विमानावर सहज बसतात. आणि हे सगळं घडतं स्वतःच्या मुलखावर, स्वतःच्या रडारच्या नजरेखाली, शत्रूच्या क्षेपणास्त्रांपासून दूर. म्हणजे आकाश रिकामं हवं ही अट इथे पुरी होते, आणि खाली गाव जाळायचा प्रश्नही येत नाही. ड्रोन पाडल्यावर त्याचे तुकडे कुठे पडतात ते मात्र बघावं लागेल.

मे २०२५मध्ये एका रात्रीत पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन पाठवली, असं आपल्या सरकारने सांगितलं. त्यातली बरीचशी पाडली ती एल-७० तोफांनी. एल-७० म्हणजे १९४०च्या दशकातल्या बोफोर्सच्या आराखड्यावरची तोफ. बीईएल या सरकारी कंपनीने तिला नवे कॅमेरे आणि नवी नेम धरायची यंत्रणा दिली, नळी तीच. जुनं हत्यार परत आणायचं तर ते असं. ते बसलेल्या जागी असतं, आपल्याच जमिनीवर असतं आणि स्वस्त शत्रूला स्वस्तात पाडतं. पण तोफ एका ठिकाणी रोवलेली असते. जामनगरपासून जम्मूपर्यंत प्रत्येक तेलटाकीशेजारी ती उभी करता येत नाही. मधल्या पट्ट्यात फिरणारं काहीतरी लागेल.

म्हणून ओझरच्या मार्गिकेवरून शिकाऊ वैमानिकांची गरज भागल्यावर, त्याआधी नाही, दोन-तीन एचटीटी-४० बाजूला काढावीत. त्यांना कॅमेरा, रॉकेटचे पॉड आणि जमिनीवरच्या रडारशी जोडणारा दुवा द्यावा आणि पोखरणच्या वाळवंटात रात्री ड्रोन उडवून पाडायला लावावीत. जमिनीवर टाकायचे बॉम्ब त्यांना लावूच नयेत, आणि हे करारात लिहून ठेवावं, म्हणजे पुढे कुणाला मोह झाला तर निदान करार मोडावा लागेल. प्रयोगाला शेकड्याने कोटी लागणार नाहीत. घाई मात्र हवी, कारण रशियाने शाहेदची जेट इंजिनाची आवृत्ती उडवायला सुरुवात केली आहे. ती आपल्या शेजाऱ्यांकडे पोचली की पंख्याचं विमान तिच्या मागे पळत राहील, जसं त्या १० डिसेंबरला अलिझे स्टारफायटरपासून पळूही शकलं नाही.